ओठ सुजले, तर आधी गोळीचे नाव पाहा

मूत्रपिंडाचा आजार असलेले मूल ज्या घरात आहे, त्या घराला सूज नवी नसते. सकाळी उठल्यावर पापण्या फुगलेल्या, दुपारपर्यंत त्या उतरलेल्या, संध्याकाळी नडगीवर बोट दाबले की खळगा. हे सगळे आईला इतके सरावाचे होते की मुलाचा चेहरा बघून ती आज लघवीतून प्रथिन जाते आहे की नाही ते सांगू शकते. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलांच्या घरी सकाळचा एक विधीच असतो. परीक्षानळीत थोडी लघवी, त्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब, नळी खिडकीच्या उजेडात धरून किती गढूळ झाली ते बघायचे आणि वहीत एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी खूण करायची. काही घरांत नळीऐवजी रंग बदलणारी पट्टी. ही वही म्हणजे त्या घराची शिस्त, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण माझे म्हणणे असे, की नेमका हाच सराव एका वेगळ्या सुजेच्या वेळी घात करतो. ती सूज आजाराची नसते, औषधाची असते. ती ओठांवर, जिभेवर आणि घशात येते. आणि 'सूज आहे ना, मग एक डोस वाढवून बघू, उद्या दाखवू' या सवयीच्या हिशेबात ती बसवली, तर उद्यापर्यंत वेळ मिळेलच असे नाही.

औषध कोणते? ज्यांच्या मूळ नावाचा शेवट 'प्रिल' असा होतो ती सगळी: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, कॅप्टोप्रिल. मुलांमध्ये, त्यातही सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये, रक्तदाब वाढण्यामागे बहुतेक वेळा मूत्रपिंडच असते. म्हणून मुलांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा दवाखाना यांची सांगड असते, आणि त्या दवाखान्यात 'प्रिल' गटाचे औषध वारंवार लिहिले जाते. गंमत अशी की पुष्कळ मुलांना ते रक्तदाबासाठी दिलेलेच नसते. रक्तदाब ठीक असतो. लघवीतून जाणारे प्रथिन कमी व्हावे म्हणून गोळी असते. मग घरात तिचे नाव 'किडनीची गोळी' पडते, आणि 'बीपीच्या गोळ्यांनी कधी कधी तोंड सुजते' हे कुठे वाचले तरी ते आपल्याला लागू आहे असे कुणाला वाटत नाही.

ही सूज येते कशी, ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि त्यांच्या भिंती पाझरत्या करतो. त्याचा निचरा करणारे जे विकर आहे, तेच रक्तदाब चढवणारा अँजिओटेन्सिन-२ हा पदार्थही तयार करते. 'प्रिल' औषधे हे विकर अडवतात. रक्तदाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिनही साठू लागते. ब्राझीलमध्ये मौरिसिओ रोचा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली हा पदार्थ शोधला तो जराराका नावाच्या सापाच्या विषावर काम करताना. त्याच सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारे काही आहे, हे सर्जियो फेरेरा यांनी 1965 मध्ये दाखवले, आणि त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल तयार झाले. अमेरिकेत त्याला 1981 साली परवानगी मिळाली. म्हणजे औषधाचा गुण आणि हा दोष एकाच मुळाचे आहेत. जवळपास सगळ्यांचे शरीर साठलेले ब्रॅडिकायनिन दुसऱ्या वाटांनी संपवते. ज्यांच्यात त्या वाटा कमी पडतात, त्यांच्या ओठांच्या, जिभेच्या, घशाच्या मऊ ऊतींत पाणी पाझरते.

इथेच आपली भाषा थोडी दगा देते. मराठीत ओठ सुजले की 'पित्त उठले' म्हणायचे आणि आमसुलाचे पाणी चोळायचे, ही जुनी रीत. पित्त उठणे म्हणजे अंगावर खाजऱ्या गांधी येणे. ते ॲलर्जीचे लक्षण, आणि त्यामागे हिस्टामिन हा निराळा पदार्थ असतो. प्रिलच्या सुजेत गांधी नसतात, खाज नसते. त्वचा तांबडी होत नाही, फार तर ताणल्यासारखी वाटते. दाबली तर खळगा पडत नाही. सूज बहुधा एकसारखी नसते: खालचा ओठ एका बाजूने लोंबतो, गाल एकीकडचाच फुगतो, जीभ जड होते. मूत्रपिंडाची सूज दिवसेंदिवस चढते. ही काही तासांत चढते आणि साधारण एक ते तीन दिवसांत आपली आपण उतरते. पायांचे घोटे फुगले असतील आणि मूल ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचे औषध घेत असेल, तर ती तिसरीच गोष्ट. ती डॉक्टरांच्या कानावर घालायची, पण रात्री धावपळ करण्यासारखी नाही. ॲम्लोडिपिनने हिरड्याही जाडावतात, पण महिन्यांच्या हिशेबाने. लखनौत राहणाऱ्या घरांत जूनमध्ये आणखी एक संशयित हजर असतो, तो म्हणजे आंबा. मलिहाबादचा दसहरी बाजारात आला की मुलाच्या तोंडाभोवती काही झाले तरी 'चीक लागला' हे उत्तर तयार असते. चीक खरोखर बाधतो. पण त्याने कातडी लाल होते, खाजते, बारीक फोड येतात, आणि ते बहुधा ओठांच्या कडेला. जीभ जड होऊन बोलणे बोबडे झाले, तर आंब्याला दोष देत बसू नये.

एक रूप तर तोंडावर दिसतच नाही. हीच सूज आतड्याच्या भिंतीला येऊ शकते. मग पोटात कळा येतात, उलट्या होतात, कधी जुलाब, आणि एक-दोन दिवसांत सगळे थांबते. पुन्हा काही आठवड्यांनी तेच. 'बाहेरचे खाल्ले' हे कारण तिथे नेहमीच हाताशी असते. प्रिल घेणाऱ्या मुलाला असे पोट वारंवार दुखत असेल, तर निदान डॉक्टरांना ही शंका बोलून दाखवावी.

आता प्रसंग ओढवलाच, तर काय? ओठ, जीभ किंवा चेहरा असा अचानक सुजला की प्रिलची पुढची गोळी द्यायची नाही आणि मुलाला त्याच तासात रुग्णालयात न्यायचे, सूज कितीही थोडी दिसो. आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, गिळवेना, श्वास घेताना घरघर किंवा शीळ ऐकू आली, तर उत्तर प्रदेशात 108 ला फोन करायचा आणि मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातच पोचायचे, कारण गरज पडली तर घशात नळी घालणारा माणूस तिथे असतो. वाटेत मुलाला बसते ठेवावे. आडवे करू नये. पाणी, सरबत, सिरप, काही तोंडात घालू नये. फोनवर 'बच्चे को सूजन है' एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पायांची सूज येते. 'जीभ सूज रही है, साँस में आवाज़ है' असे सांगावे. आणि दारात पहिल्याच डॉक्टरला गोळीचे मूळ नाव सांगावे, पाकीट हातात द्यावे. त्या एका शब्दाने उपचाराची दिशा बदलते. ॲलर्जीवरची इंजेक्शने आणि स्टेरॉइड या सुजेवर फारसे चालत नाहीत; डॉक्टरांचे सगळे लक्ष श्वासमार्ग उघडा ठेवण्याकडे असावे लागते. तरीही ॲलर्जी की औषध हे स्पष्ट नसेल, अंगावर गांधी असतील, रक्तदाब घसरला असेल, तर डॉक्टर ॲड्रिनलिन देतील. ते बरोबरच आहे. तिथे 'लेखात वाचले होते' म्हणून हुज्जत घालू नये. सूज उतरू लागली तरी त्यांनी थांबवून घेतले तर थांबावे, कारण ती पुन्हा चढू शकते.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल की इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी एवढा गजर कशाला? दुर्मीळ आहे हे खरे. प्रौढांमध्ये प्रिल घेणाऱ्या हजारांमागे साधारण एक ते सात जणांना ही सूज येते. मुलांमध्ये तिचे वर्णन मुख्यतः सुट्या सुट्या रुग्णनोंदींतून आलेले आहे. पण दुर्मीळपणाचा अर्थ पालकांसाठी आणि डॉक्टरांसाठी वेगळा होतो. जी गोष्ट गावातल्या डॉक्टरने कधी पाहिलेली नाही, ती त्याला पहिल्या झटक्यात सुचणार नाही, आणि यात त्याचा कमीपणा नाही. अशा वेळी मुलाबरोबर सतत असणारा, सूज कधी सुरू झाली आणि गोळी कधीपासून चालू आहे हे सांगू शकणारा साक्षीदार एकच, घरचे माणूस. शिवाय मुलाचा श्वासमार्ग मुळात अरुंद. मोठ्या माणसाच्या घशात जेवढी सूज खपून जाते, तेवढी लहानग्याच्या घशात खपत नाही.

दुसरी शंका अधिक चिवट आहे: 'दोन वर्षे हीच गोळी चालू आहे, इतके दिवस काही झाले नाही, मग आजच कशी बाधेल?' ॲलर्जीच्या बाबतीत आपण असा विचार करतो आणि तिथेही तो दर वेळी बरोबर नसतो. इथे तर तो सपशेल फसतो. ही सूज पहिल्या काही आठवड्यांत येण्याची शक्यता सर्वात जास्त, पण महिन्यांनी, अगदी वर्षांनी पहिल्यांदा आल्याच्याही नोंदी आहेत. याला जोडूनच तिसरी: 'इंजेक्शन दिले आणि उतरली, म्हणजे ॲलर्जीच होती.' सूज आपली आपण उतरणार होती. तिच्या उतरण्याच्या वेळी जे दिले होते, त्याला श्रेय मिळाले. हा हिशेब चुकला की गोळी चालूच राहते, मूल घरी येते, आणि पुढची सूज आधीपेक्षा मोठी असू शकते. पहिल्या सौम्य प्रसंगाला नीट नाव मिळाले नाही, म्हणून दुसरा प्रसंग गंभीर होतो. मला या साऱ्या विषयातला सर्वात टाळता येण्याजोगा धोका हाच वाटतो.

मग असली औषधे मुलांना द्यावीतच कशाला, असा प्रश्न उरतो, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. नाहीतर हा लेख वाचून कुणी उद्या सकाळी गोळी बंद करेल. युरोपात ज्याला एस्केप अभ्यास म्हणतात, त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. जुनाट मूत्रपिंडविकाराच्या तीन ते अठरा वर्षांच्या 385 मुलांना रामिप्रिल दिले होते. त्यांतल्या ज्या गटाचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवला, त्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांचे मूत्रपिंड पाच वर्षांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे बिघडले. दुसऱ्या गटात ते प्रमाण सुमारे 42 टक्के होते. डायलिसिसपासून काही वर्षे दूर राहणे म्हणजे काय, हे ज्या घराने डायलिसिस पाहिले आहे त्याला सांगायला नको. हजारांत मोजक्यांना होणाऱ्या सुजेच्या भीतीने हे सोडणे म्हणजे मुलाचे नुकसान आपल्या हाताने करणे. सूज नसताना गोळी थांबवायची नाही. आणि सूज आली तरी थांबवायची ती फक्त प्रिल. बाकीच्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टर सांगेपर्यंत चालू. क्लोनिडिनसारखे औषध एकदम तोडले तर रक्तदाब उसळतो, आणि मुलांमध्ये अशा उसळीने झटके येऊ शकतात.

खरी अडचण माहितीची कमी आणि नावाची जास्त आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत किंवा किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात दाखवायला येणारी कुटुंबे गोरखपूर, बहराइच, सीतापूर अशा ठिकाणांहून येतात. तपासणी लखनौत, पण सूज येणार ती घरी, रात्री, लखनौपासून दूर. तिथल्या डॉक्टरपुढे असतो फक्त दवाखान्याचा परचा, त्यावर बहुधा कंपनीने ठेवलेले नाव, आणि तेही वाचता येईल तर. गोळी तर त्याहून अनामिक. मुलाचा डोस लहान म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी, पाव केलेली किंवा कुटून पुड्या बांधलेल्या. दुकानदाराने कात्रीने पाच गोळ्यांची पट्टी कापून दिलेली आणि नाव उरलेल्या तुकड्यावर राहिलेले. इथे सगळा खेळ एका 'प्रिल' या शेपटीवर आहे, आणि तीच हरवलेली. म्हणून पहिले काम अगदी क्षुल्लक वाटेल असे: पट्टी अख्खी मागावी, निदान नाव छापलेला तुकडा मागावा, आणि नवी आणली की जुन्या पट्टीशी मूळ नाव ताडून पाहावे. औषधाचे मूळ नाव वेष्टनावर छापणे कायद्याने लागतेच. जनऔषधी केंद्रात तर गोळी मूळ नावानेच मिळते, आणि स्वस्ताईपेक्षाही मला तिचा हा गुण मोठा वाटतो. वाचता येत नसेल तर पट्टीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा.

नाव माहीत असण्याचा आणखी एक उपयोग पावसाळ्यात होतो. जुलाब लागले की आपल्याकडे मुलांना ओआरएसबरोबर रेसकॅडोट्रिलची पुडी सर्रास दिली जाते. एरवी ते बरे औषध आहे. पण ब्रॅडिकायनिनचा निचरा करणाऱ्या दुसऱ्या एका विकराला ते अडवते. म्हणजे एक वाट प्रिलने बंद, दुसरी या पुडीने. दोन्ही एकत्र घेतल्यास सुजेचा धोका वाढू शकतो, असा इशारा या औषधाच्या माहितीपत्रकात असतो. हृदयविकारात वापरायचे सॅक्युबिट्रिलही त्याच जातीचे. ते आणि प्रिल यांत किमान 36 तासांचे अंतर लागते. दोन्ही नावांचा शेवट 'ट्रिल' आहे, तेव्हा 'प्रिल' आणि 'ट्रिल' एका पोटात नकोत, असे लक्षात ठेवले तरी पुरे. तसेही उलट्या-जुलाबांनी किंवा मे महिन्याच्या लखनवी उन्हाने मूल सुकले असेल, तर प्रिल चालू ठेवल्याने मूत्रपिंडावर ताण येतो; अशा दिवशी गोळी द्यायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून विचारावे, आणि हा प्रश्न आजारपणाच्या आधीच, साध्या भेटीत विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे. मूत्रपिंडरोपण झालेल्या मुलाला सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस चालू असेल, तर त्यांच्या जोडीनेही हा धोका वाढतो. आणि घरात कुणाला खाजेवाचून, गांधींवाचून वारंवार ओठ-हात सुजण्याची खोड असेल, तर प्रिल सुरू होण्यापूर्वीच ते सांगावे. तो आनुवंशिक आजार असू शकतो, लहानपणीच डोके वर काढणारा, आणि त्यात ही औषधे वर्ज्य आहेत.

एकदा प्रिलने सूज आली, की त्या मुलाला त्या गटातले कोणतेही औषध पुन्हा नको. एनालाप्रिलने बाधले म्हणून रामिप्रिल देऊन बघू, असे करायचे नाही. लोसार्टनसारखी 'सार्टन' गटाची औषधे बहुतेकांना चालतात, क्वचित त्यांनीही सूज येते, म्हणून ती कधी सुरू करायची ते तज्ज्ञाने ठरवायचे. प्रिल बंद केल्यावरही पुढचे काही आठवडे अधूनमधून सूज डोकावू शकते. त्यावरून 'गोळीचा दोष नव्हता' असा निष्कर्ष काढून ती परत सुरू करू नये. लघवीची ती रोजची वही आहेच. तिच्या पहिल्या पानावर लाल शाईने मराठीत आणि हिंदीत लिहावे: 'प्रिल गटाच्या औषधाने जीभ सुजली होती', पुढे औषधाचे नाव, तारीख, किती दिवसांनी उतरली. तीच ओळ शाळेच्या दप्तरात एका कागदावर, आणि नेहमीच्या औषध-दुकानदाराकडे तोंडी. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे अशी घटना कळवता येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून तो चालतो, 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक कामाच्या दिवशी चालू असतो, आणि अर्ज रुग्णाच्या घरच्यांनाही भरता येतो. मुलांमधल्या या सुजेबद्दल आपल्याकडे जे थोडे लिहिले गेले आहे, त्यात अशा एका अर्जाचीही भर पडते. अर्जात औषधाचे मूळ नाव आणि वेष्टनावरचा बॅच क्रमांक विचारतात, म्हणून प्रसंग निभावल्यावर ती पट्टी फेकून देऊ नये.